उतरंड, भिशी आणि घसारा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आली. आली ती दुधाची पिशवी आणि मळलेल्या कणकेचा डबा घेऊनच. म्हणाली, "आधी हे कुणीतरी आपल्या फ्रीजमध्ये ठेवा गं. आमचा बंद पडलाय. कॉम्प्रेसर गेला म्हणतात. अकरा वर्षं चालला बिचारा."

त्यावर दुसरी पटकन म्हणाली, "अकरा वर्षं चालला म्हणजे आता जायचाच होता की. तुला ठाऊक नव्हतं का?"

सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. कारण आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात जायला आलेलं काहीतरी होतं. कुणाचा मिक्सर कण्हत होता, कुणाच्या वॉशिंग मशीनचा ड्रम खडखडत होता. हे सगळं एक दिवस बदलावं लागणार हे ठाऊक असून त्यासाठी एक रुपयाही कुणी बाजूला ठेवला नव्हता.

त्या दिवशी बैठकीत प्रश्न निघाला, आपल्या आज्या-सासवा घरातली मोठी वस्तू कशी घ्यायच्या? त्यांच्याकडे तर पगार नव्हता, खातं नव्हतं, हप्त्याचं कार्डही नव्हतं. मग आम्ही गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, जुने कागद पाहिले, थोडं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी उतरंडीची गोष्ट. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांवर मडकी रचलेली असत. खालच्या मडक्यात धान्य, वरच्यांत डाळी आणि मधल्या कुठल्यातरी मडक्यात चिंधीत बांधलेले पैसे. हे पैसे बाईचे स्वतःचे. अंडी विकून आलेले, गोवऱ्या विकून आलेले, कांद्याच्या काढणीला दुसऱ्याच्या शेतात राबून आलेले. चाकणचा कांद्याचा बाजार जुना, त्यामुळे आमच्या भागातल्या बायकांना हंगामात ही मजुरी मिळायची. त्यातला आणा-दोन आणे उतरंडीत जायचे.

ते साठले की काय घ्यायच्या? तांब्याचा हंडा, पितळेची घागर, पातेलं, परात. इथं एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरत राहिलं. तांब्या-पितळेचं भांडं ही खर्चाची वस्तू नव्हतीच, ती बचतच होती. भांडं झिजलं, पोचलं, तरी ते मोडीत घालता यायचं. तांबट किंवा कासार ते तराजूत टाकायचा, वजनाचे पैसे धरायचा आणि वर थोडी भर घातली की नवं भांडं मिळायचं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ही ठोकाठोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मधल्या काळात कल्हईवाला दारी यायचा, भाता फुंकायचा आणि नवसागर टाकून काळं पडलेलं पातेलं चांदीसारखं करून द्यायचा. बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडं द्यायची. एकही वस्तू फुकट जात नव्हती. दुष्काळात, आजारपणात भांडी गहाण पडत आणि दिवस पालटले की सोडवून आणली जात.

भांड्यावर नाव घालायची पद्धतही होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या साली दिलं. आमच्या एका सभासदाच्या घरी आजेसासूच्या नावाची घागर आहे. नाव कोरलेलं अजून बोटाला लागतं. ती घागर आजही विकली तर चार पैसे येतील. आणि तिच्याच ओट्यावरचा मिक्सर? तो मोडीत नाही, भंगारात जाईल.

आता तुम्ही म्हणाल, हे घरापुरतं झालं. पण थोडं थोडं साठवून मोठं काम उभं करायची रीत आपल्या भागात घराबाहेरही होती. चाकणहून तळेगाव किती जवळ! तिथं १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका शिक्षकांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. पैसा पैसा गोळा झाला आणि तळेगावात काचेची भट्टी पेटली. बाहेर देशी काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले तज्ज्ञ होते. त्या काळी घरात दिव्याची चिमणी फुटली तर परदेशी काच घ्यावी लागे. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. आमच्या गावातल्या आजींना ते नाव अजून आठवतं. कंदिलाची काच फुटायची, वात संपायची, पण कंदील टिकायचा. फुटलं तेवढंच बदलायचं.

पैसा फंडाची ही गोष्ट आम्ही बैठकीत वाचली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे गट आपण काढला असं उगाच म्हणतो. एक-एक पैशाचा गट शंभर वर्षांपूर्वीच झाला होता." खरंच आहे ते.

पैसे घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोयही तशी जुनी. पोस्टाची बचत बँक १८८२ सालापासूनची. पण पोस्टात जायचं, सही करायची, हे पुरुषाचं काम मानलं गेलं. बाईच्या दारापर्यंत बचत आली ती फार उशिरा. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. तिच्यात एजंट म्हणून बायकाच नेमल्या गेल्या. एजंट बाई घरी यायच्या, पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे महिन्याचे पैसे न्यायच्या आणि कार्डावर सही करून द्यायच्या. बाईने बाईकडे पैसे द्यायचे, म्हणून घरातले नाही म्हणत नसत. पाच वर्षांनी एकरकमी पैसे हातात आले की कुणी कपाट घेई, कुणी शिलाई मशीन.

या काळातच आपल्या आसपासचं जग पालटत होतं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या गावांची कारखान्यांची नगरी झाली. घरात येणाऱ्या वस्तूही पालटल्या. देशात बनलेला पहिला फ्रीज १९५८ साली गोदरेजने आणला. १९६३ सालच्या सुमीत मिक्सरची गोष्ट तर आमच्या विषयाचीच आहे. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर बिघडला आणि इथं तो दुरुस्त होईना. तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपलं ओलं-सुकं वाटण झेपेल असा ताकदीचा मिक्सर बनवला. एका घरातली वस्तू बंद पडली आणि त्यातून लाखो घरांचा पाटा-वरवंटा सुटला.

आमच्या कुरुळीत हे सगळं उशिरा पोचलं. मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चिंबळी आणि मग आम्ही. पुणे-नाशिक रस्त्याला लागून असूनही आमचं गाव बरीच वर्षं शेतीचंच होतं. मग चाकणची एमआयडीसी आली, मोठमोठ्या गाड्यांचे कारखाने आले. जमिनी गेल्या, कुणाला पैसे मिळाले, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामाला आलेली कुटुंबं त्या खोल्यांत राहू लागली. आज आमच्या गटात गावच्या सुना आहेत आणि भाडेकरू बायकाही आहेत. खोली दहा बाय बारा असली तरी फ्रीज, मिक्सर, टीव्ही सगळं असतं. का असू नये? पहिल्या पाळीला सहाच्या आधी बस पकडायची असेल तर भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवावी लागते.

या वस्तू घरात आल्या त्या पुष्कळदा भिशीतून. बारा जणी, महिन्याला ₹५००, दर महिन्याला चिठ्ठी निघायची. जिची निघेल तिला ₹६,००० एकदम. व्याज नाही, कागद नाही, भरवसा हेच तारण. भिशीने आपल्या आयांना पुष्कळ दिलं, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिचं एक आहे. जिची चिठ्ठी पहिली निघते तिला कर्ज मिळतं आणि जिची शेवटी निघते तिची नुसती बचत होते. शेगडी बिघडायची ती काही चिठ्ठीचा नंबर बघून बिघडत नाही. आणि भिशी चालवणारी गाव सोडून गेली तर दाद कुणाकडे मागायची?

याच अडचणीवर बचत गटाने उत्तर शोधलं, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे त्यात आपला खेड तालुका फार पुढे होता. १९८९ साली डॉ. सुधा कोठारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजगुरुनगर परिसरात बायकांचे बचत गट बांधायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे चैतन्य संस्था उभी राहिली आणि गटांचा मिळून ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ झाला. नाबार्डने देशभरात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग हाती घेतला तो १९९२ साली. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या बायका त्याच्याही आधीपासून वहीत हिशेब लिहीत होत्या.

साताऱ्याच्या म्हसवडची गोष्टही सांगायला हवी. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई चेतना सिन्हा यांच्याकडे गेली. पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या छोट्या रकमेसाठी बँका तिचं खातं उघडेनात. तिला कर्ज नको होतं, स्वतःचेच पैसे ठेवायला जागा हवी होती. त्यातून पुढे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. एका छपराच्या बचतीतून बँक झाली! घरातल्या वस्तूसाठीची बचत ही किरकोळ गोष्ट नव्हे, हे आम्हाला तिथं कळायला हवं होतं.

पण आम्हाला ते कळलं नव्हतं. आता आमची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा आम्हाला हक्क नाही.

२०१९ साली आमच्या गटातल्या एका ताईने वॉशिंग मशीनसाठी ₹१२,००० कर्ज मागितलं. ती कंत्राटावर कारखान्यात जायची, घरी दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आम्ही बसून ठरवलं की हे उत्पादक कर्ज नाही. शेळीला देऊ, शिलाई मशीनला देऊ, मुलाच्या फीला देऊ, पण कपडे धुवायच्या मशीनला नाही. कुणीतरी "चैन" हा शब्दही वापरला आणि आमच्यातल्या एकीनेही तो खोडला नाही. ताई काही बोलली नाही. तिने दुकानातून हप्त्यावर मशीन घेतलं. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. कारखाना बंद झाला, कंत्राटी माणसांना आधी घरी बसवलं. हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत त्या वेळी जाहीर झाली होती, पण थांबलेल्या हप्त्यावर व्याज चढतच राहिलं. नंतर दोनदा हप्ता बाउन्स झाला, दोन्ही वेळा दंड बसला. शेवटी तिने कानातलं मोडलं.

हे आम्हाला कळलं ते सगळं फिटल्यावर. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "तुम्ही चैन म्हणालात. सासूबाईंची दिवसाला तीन-तीन लुगडी आणि चादरी मी हाताने धूत होते. ते मशीन माझी रात्रीची दोन तास झोप होती." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिची माफी मागितली. पण माफीने कानातलं परत येत नाही.

नोटबंदीच्या वेळीही असंच काही शिकलो होतो आणि विसरलो होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या, देव्हाऱ्याखालच्या नोटा बाहेर आल्या. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असं सरकारने सांगितलं. पण आम्हाला प्राप्तिकराची भीती नव्हतीच, चौकशीची भीती होती ती घरातल्या. आमच्या एका सभासदाने फ्रीजसाठी तीन वर्षं साठवलेले ₹१४,००० नवऱ्यासमोर मोजावे लागले. "एवढे कुठून आले?" हा पहिला प्रश्न. त्यानंतर ते पैसे मोटारसायकलीला गेले. लपवलेली बचत अशीच असते. जोवर कुणाला दिसत नाही तोवर आपली. दिसली की तिच्यावर सगळ्यांचा हक्क.

या दोन्ही गोष्टी समोर ठेवून आम्ही वाट शोधू लागलो. शब्द मिळाला तो एका सभासदाच्या मुलीकडून. ती बी.कॉम. करते. म्हणाली, "कंपनी मशीन विकत घेते तेव्हा ते दहा वर्षांनी संपणार हे धरूनच चालते. दर वर्षी हिशेबात त्याचा घसारा लावते." आम्ही म्हटलं, अगं, मग घराला का घसारा नाही? ज्या कारखान्यांत आपली माणसं मशीन चालवतात, तिथं मशीनच्या म्हातारपणाचा हिशेब होतो. आपण घरात मशीन चालवतो, त्याचा हिशेब कुणीच मांडत नाही.

मग पाटी घेऊन बसलो. फ्रीज ₹१८,००० चा आणि दहा वर्षांचा धरला, तर महिन्याला ₹१५०. वॉशिंग मशीन ₹१२,०००, आठ वर्षं, महिन्याला ₹१२५. मिक्सर ₹३,६००, पाच वर्षं, ₹६०. दोन पंखे ₹३,६००, दहा वर्षं, ₹३०. गॅसची शेगडी ₹३,०००, दहा वर्षं, ₹२५. सगळं मिळून महिन्याला ₹३९०. आकडे ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे कमी-जास्त होतील, किमतीही वाढतील. पण एवढं कळलं की डोंगराएवढा वाटणारा खर्च रोजच्या तेरा रुपयांचा आहे.

गटात आम्ही घसारा निधी सुरू केला. नेहमीच्या बचतीत तो मिसळत नाही, वहीत त्याचा रकाना वेगळा. पैसे बँकेत गटाच्या खात्यावर. कमीत कमी ₹१००, पुढे जिला जेवढं जमेल तेवढं. पैसे काढायचे ते घरातल्या यंत्राच्या दुरुस्तीला किंवा बदलायला, आणि आधी दुरुस्ती होते का ते बघायचं. नवं घ्यायची वेळ आली आणि रक्कम कमी पडली तर उरलेल्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज. समजा सगळेच ₹१८,००० कर्जाने घेतले, दरमहा शेकडा दोन व्याजाने, आणि महिन्याला ₹१,५०० मुद्दल फेडत वर्षात संपवले, तरी व्याज ₹२,३४० होतं. तेही गटातच राहतं, आपल्यालाच परत येतं. आणि निम्मे पैसे आधी साठलेले असतील तर व्याजही निम्मंच.

दुकानात "शून्य टक्के व्याज" अशी पाटी असते. तिच्याबद्दल एक लक्षात ठेवा. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांबद्दल २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो. ते पैसे कुठल्या ना कुठल्या रूपाने घेतले जातात. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारायचे. रोख घेतलं तर किती कमी कराल? आणि फाइलचा, प्रोसेसिंगचा खर्च धरून सगळे हप्ते मिळून किती होतात? हप्त्यावर घेणं पाप नाही. वेळ आली तर घ्यावंच लागतं. पण बेरीज करून घ्यावं.

आमच्या १४ जणींपैकी दहा जणी निधीत आहेत. चौघींना अजून ₹१०० सुद्धा जड जातात, हे खरं आहे आणि ते लपवत नाही. त्यांच्यासाठी दुरुस्तीपुरतं कर्ज मागितल्याबरोबर द्यायचं ठरवलंय, कारण विचारायचं नाही. आतापर्यंत निधीतून दोन मिक्सर, एक शेगडी आणि एक फ्रीज आलाय. फ्रीज त्या कणकेच्या डब्यावाल्या ताईचा. तिचे निधीत थोडेच पैसे जमले होते, बाकीचे गटाने दिले. आणि निधीचा रकाना कोण लिहितं? कानातलं मोडावं लागलेली ती ताई. आम्ही सांगितलं नाही, तिनेच वही ओढून घेतली.

निधीमुळे आणखी एक झालं. आता ही बचत लपवावी लागत नाही. घरी विचारलं तर सांगता येतं, हा मशीनचा घसारा आहे, मोटारसायकलीचा नाही. ज्या गोष्टीला नाव आहे, वही आहे, चौदा जणींची साक्ष आहे, तिला सहज हात लावायला कुणी धजत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या आज्या भांड्यावर साल घालून घ्यायच्या. आज घरी गेल्यावर बिलं काढा आणि फ्रीजच्या मागे, मिक्सरच्या तळाला, शेगडीच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून घेतल्याचा महिना आणि साल लिहा. बिल हरवलं असेल तर आठवून लिहा. अमकीच्या लग्नाच्या वर्षी, तमक्याच्या बारशाला, असं काहीतरी आठवतंच. मग ती साल बघून बोटं मोजा, किती वर्षं झाली आणि किती उरली. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या.